पार्श्वभूमी : जांभ्यातले ॲल्युमिनियम मोजणारा वायूचा काउंटर

रत्नागिरीकडचा जांभा किंवा बॉक्साइट एक्स-रे फ्लुरोसन्सवर (नमुन्यावर एक्स-रे टाकून प्रत्येक मूलद्रव्यातून निघणारे ठरावीक ऊर्जेचे एक्स-रे मोजायची पद्धत) लावला की लोखंड चटकन मोजून होते. खरी पंचाईत ॲल्युमिनियमची. त्याची रेषा, म्हणजे त्याच्या किरणांची ठरावीक ऊर्जा, जेमतेम 1.49 केईव्हीची (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट). मोजणाऱ्या काउंटरच्या तोंडाशी 25 मायक्रॉन जाडीची बेरिलियमची खिडकी असेल तर तिच्यातच निम्मे किरण अडतात.

वायूच्या काउंटरची सुरुवात 1908 ची. मँचेस्टरमध्ये रदरफोर्ड आणि गायगर यांनी पितळी नळीच्या मधोमध तार ताणून अल्फा कण एकेक मोजले. 1928 च्या गायगर-म्युलर नळीत प्रत्येक पल्स (कण किंवा किरण आल्यावर मिळणारा विजेचा ठोका) सारखाच, त्यामुळे ऊर्जा कळत नाही. व्होल्टेज त्याहून खाली ठेवले तर पल्सची उंची ऊर्जेच्या प्रमाणात राहते. हाच प्रोपोर्शनल काउंटर; ग्लासगोत करन आणि सहकाऱ्यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्याने काही केईव्हीपर्यंतचे स्पेक्ट्रम घेतले.

विभेदनात (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्यात) मात्र तो सिलिकॉनच्या डिटेक्टरपुढे हरला, आणि ते अटळच होते. आर्गॉनमध्ये एक आयन-जोडी सुटायला सरासरी 26 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, सिलिकॉनमध्ये सुमारे 3.6. लोखंड-55 या किरणोत्सारी स्रोताच्या 5.9 केईव्ही किरणातून आर्गॉनमध्ये सव्वादोनशे जोड्या, तर सिलिकॉनमध्ये सोळाशेच्या वर. म्हणून काउंटरची रेषा सुमारे 1 केईव्ही रुंद पडते.

क्षेत्रफळ मोठे हवे तिथे तो टिकला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले तीन झेनॉन काउंटर 2015 मध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावर गेले. त्यांचा पल्ला 3 ते 80 केईव्ही.

प्रयोगशाळेत तो टिकला खिडकीमुळे. काही मायक्रॉन जाडीची मायलरची (प्लास्टिकची) फिल्म ॲल्युमिनियमचे किरण आत सोडते, पण तिच्यातून वायूही झिरपतो. म्हणून नळी बंद न करता पी-10 (90 टक्के आर्गॉन, 10 टक्के मिथेन) सतत वाहता ठेवतात. रेषा वेगळ्या करायचे काम काउंटरच्या आधी बसवलेल्या स्फटिकाचे (तो प्रत्येक ऊर्जेचे किरण वेगळ्या कोनात वळवतो), त्यामुळे विभेदनाचे फारसे अडत नाही.

अडते ते टायटॅनियमपाशी. जांभ्यात ते असतेच. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तर इल्मेनाइटच (लोखंड-टायटॅनियमचे खनिज). ॲल्युमिनियमसाठी वापरायच्या पीईटी स्फटिकावर टायटॅनियमची तिसरी ऑर्डर (तिप्पट तरंगलांबीच्या जागी पडणारे त्याचेच किरण) ॲल्युमिनियमच्या अलीकडे सुमारे 4 अंशांवर येते. तिचे 4.5 केईव्हीचे पल्स उंचीवरून गाळता येतात. पण आर्गॉनचा स्वतःचा 2.96 केईव्हीचा किरण नळीबाहेर निसटला की उरतात 1.55, म्हणजे पल्स-उंचीच्या थेट ॲल्युमिनियमच्याच पट्ट्यात. बॅकग्राउंडचा (वजा करायच्या पार्श्व-मोजणीचा) बिंदू त्या जागी घेतला की ॲल्युमिनियम कमी भरते. तो दुसरीकडे हलवावा.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. नळीतून वायू बाहेर पडायचे तोंड हवेत उघडे असेल तर हवेचा दाब उतरला की वायू विरळ होतो, गेन (पल्स किती पट मोठा होतो ते) वाढतो आणि पल्स-उंचीच्या आलेखातले शिखर वर सरकते. वायूची घनता स्थिर ठेवणारा घनता-नियंत्रक नसेल तर पल्स-उंची पाहून व्होल्टेज पुन्हा लावावे लागते. फिल्मला भोक पडून किंवा जोडातून हवा शिरली तर उलट होते: ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पकडतो, शिखर खाली येते आणि खालच्या बाजूला पसरते. हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर ओल धरली तर शिखर जागेवरच राहते, पण नमुना नसतानाही मोजणी चालू दिसते.