विहिरीत टीसीएल टाकण्याआधी

उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे विहिरींचा गाळ काढतात. गाळात काही पांढुरकं वळवळलं की "पाण्यात किडे पडले" म्हणून वर गलका होतो आणि टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवीच आत रिकामी होते. आता, विहिरीत दिसणारे बहुतेक किडे वरून आलेल्या माशी-डासांच्या अळ्याच असतात. पण तांदळाच्या कणीएवढा, बिनरंगाचा, बिनडोळ्यांचा आणि भरपूर पायांचा जीव दिसला, तर तो वरून पडलेला नसतो. तो खडकातून आलेला असतो.

असले जीव फक्त मोठ्या गुहांमध्ये असतात, हा गैरसमज. बनारसच्या विहिरींमधून निकोल्सिया काशिएन्से हा आंधळा कवचधारी (झिंगे-खेकड्यांच्या गटातला जीव) १९५० साली नोंदवला गेला. त्याच वर्षी कोट्टायमच्या विहिरींमधला होराग्लॅनिस कृष्णाई हा लालसर आंधळा मासाही. आपल्याकडे चुनखडीच्या गुहा नाहीत, पांडवलेणी तर माणसांनीच कोरलेली. तरी मुरूम, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक आणि काळ्या पाषाणाच्या भेगा यांच्यात पाणी फिरतंच, आणि त्या फटी या जीवांना पुरतात.

मग डोळे गेले कुठे? "वापरले नाहीत म्हणून गेले" हे उत्तर सर्रास दिलं जातं. ते चूक आहे. बापाने न वापरलेला अवयव पोराच्या अंगावरून गळत नाही. मेक्सिकोतल्या गुहांमधल्या अ‍ॅस्टियानॅक्स माशाच्या गर्भात डोळा बनायला सुरुवात होते, भिंगही तयार होतं, आणि मग त्या भिंगाच्या पेशी आपण होऊन मरतात. यामामोतो आणि जेफरी या संशोधकांनी उघड्या नदीतल्या त्याच जातीच्या गर्भातलं भिंग काढून गुहेतल्या गर्भात बसवलं. त्या बाजूला चक्क डोळा वाढला! हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बाकीची सामग्री शाबूत होती, गाडी अडली होती भिंगापाशी. कारण असं, की गर्भाच्या मध्यरेषेवर सॉनिक हेजहॉग या जनुकाचा संदेश पसरतो आणि गुहेतल्या माशात त्याचा पट्टा जास्त रुंद असतो. त्यामुळे डोळ्याचं क्षेत्र ठरवणारं पॅक्स-६ जनुक तेवढ्या भागात दबतं आणि पुढे भिंग मरतं. पण त्याच जादा संदेशाने जबडा रुंदावतो आणि चवीच्या कळ्या वाढतात. अंधारात चरायला यापेक्षा काय हवं? शिवाय डोळे आणि मेंदूतला दृष्टीचा भाग पोसायला या माशाच्या विश्रांतीतल्या ऊर्जाखर्चापैकी ५ ते १५ टक्के लागतात. तेवढी बचत.

बचत करावीच लागते, कारण खाली ऊन नाही, हिरवं काही नाही. पावसाच्या पाण्याबरोबर मातीतून जो सेंद्रिय कार्बन झिरपतो, त्यावर खडकाला जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि तोच चरायचा. म्हणून इथले कितीतरी जीव अंडी थोडी घालतात, सावकाश वाढतात. युरोपातल्या गुहांमधल्या ओल्म या आंधळ्या, सरड्यासारख्या उभयचराची मादी सरासरी साडेबारा वर्षांनी एकदा अंडी घालते. एकदा संख्या घटली की भरून यायला पिढ्या जातात. सतराव्या शतकात स्लोव्हेनियातले लोक ओल्मला ड्रॅगनचं पिल्लू समजत. आपण हसू नये. तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या शब्दावर आजही बोअरची गाडी लागते. ड्रॅगनवाल्यांनी निदान खडकाला भोकं पाडली नाहीत.

बोअरने पातळी भराभर खाली जाते आणि फटी कोरड्या पडतात, हे उघड आहे. विषाचं मात्र पटकन लक्षात येत नाही. कॅनरी बेटांमधल्या लांझारोतेवर, आपल्यासारख्याच लाव्हाच्या खडकात, हामेओस देल आग्वा नावाचं तळं आहे. तिथे खेकड्याच्या कुळातला एक पांढरा, आंधळा जीव राहतो. त्या पाण्यात नाणी टाकायला मनाई आहे, कारण गंजणारा धातू त्याला बाधतो. रामकुंडात नाणी टाकणाऱ्यांनी ऐकावं, पण त्याहून द्राक्षबागायतदारांनी. द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीरोगासाठी फवारतो त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे तांबंच, आणि कवचधारी जीवांना ते फार थोड्या मात्रेतही मारक ठरतं. विहिरीच्या काठावर बोर्डो कालवणं आणि पंप धुणं एवढं तरी थांबवता येईल.

प्यायचं पाणी निर्जंतुक करायलाच हवं, त्यात तडजोड नाही. पण ते टाकीत करावं, विहिरीत नव्हे. डासांसाठी गप्पी मासे हौदात सोडावेत. विहिरीत ते डासांच्या अळ्यांबरोबर बारीक कवचधारीही मटकावतात. बोअर पुनर्भरण करताना शेतातलं गढूळ पाणी थेट केसिंगमध्ये (बोअरच्या पाइपात) सोडू नये. आधी वाळू-खडीचा गाळणखड्डा हवाच, नाहीतर फटी गाळाने बुजतात.

राहिली या जीवांची मोजणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते. त्याच फेरीत दोरीला बारीक जाळी बांधून तळाशी सोडायची, दोन-चार हिसके देऊन गाळ हलवायचा आणि सावकाश वर ओढायची. जाळीच्या टोकाच्या बाटलीत काय आलं ते साध्या भिंगाखालीही बरंच कळतं. दुसऱ्या विहिरीवर जाण्याआधी जाळी धुवून कडक उन्हात वाळवायची मात्र विसरू नये, नाहीतर पिंपळगावचा जीव ओझरच्या यादीत चढेल.