रंग उडालेला नाही

हस्तकलेच्या एका प्रदर्शनात पंजाबी फुलकारीच्या ओढण्या मांडल्या होत्या. विटकरी खादीवर पिवळ्याधमक रेशमाने भरलेले शंकरपाळ्यासारखे चौकोन. शेजारच्या बाईंनी एक ओढणी उचलली, निरखली आणि परत ठेवली. "अर्ध्या चौकोनांचा रंग उडालाय हो, दुसरी दाखवा." दुसरीही तशीच निघाली. तेव्हा विक्रेता म्हणाला, "ताई, यात दोन पिवळे धागे असतात, एक फिका आणि एक गडद." मी ती ओढणी मागून घेतली आणि काटकोनात फिरवली. फिके चौकोन गडद झाले, गडद होते ते फिके झाले. रंग उडाला नव्हता आणि धागेही दोन नव्हते.

फुलकारीचा टाका हा रफूसारखा असतो. कापडाचे धागे मोजत सुई चालवायची, काही चौकोनांत आडवी, काहींत उभी. भरायला घेतात ते रेशीम म्हणजे 'पट', जवळजवळ पीळ न दिलेलं. दोन चौकोनांत फरक असतो तो फक्त टाक्याच्या दिशेचा. दिशा बदलली की रंग का बदलावा? रेशमाबद्दल मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सपाट आरशावर किरण ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, हे शाळेत शिकलेलं असतं. रेशमाचा तंतू मात्र सपाट नसतो. सोपं करण्यासाठी तो दंडगोल आहे असं धरू. दंडगोल म्हणजे लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी जोडलेल्या, अगदी चिंचोळ्या आरशाच्या असंख्य पट्ट्या. प्रत्येक पट्टीचा कल वेगळा, पण सगळ्या पट्ट्या तंतूला समांतर. त्यामुळे किरण कोणत्याही पट्टीवर आपटला तरी तंतूच्या लांबीच्या दिशेने तो जितका सरकत होता तितकाच पुढेही सरकत राहतो. बदलते ती फक्त त्याची आडवी चाल. परिणामी परतणारे सगळे किरण एका शंकूच्या पृष्ठभागावर पसरतात. शंकूचा अक्ष म्हणजे तंतू, आणि किरणाने येताना तंतूशी जो कोन केला होता तोच शंकूच्या कडेचा अक्षाशी कोन.

आता ओढणी टेबलावर पसरा, खिडकी समोर असू द्या. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या टाक्यांवर प्रकाश काटकोनात पडतो. ९० अंशांचा शंकू म्हणजे पूर्ण उघडून सपाट झालेली चकतीच. ही चकती उभी असते आणि खिडकी, ओढणी व तुमचे डोळे तिच्याच प्रतलात येतात. डोकं वर करा, खाली करा, चकाकी डोळ्यांत येतच राहते. तुमच्याकडून खिडकीकडे जाणाऱ्या टाक्यांचं तसं नाही. प्रकाश ४५ अंशांनी उतरत असेल तर त्यांचा शंकूही ४५ अंशांचा. डोळे नेमक्या त्या उंचीवर आले तरच चकाकी मिळणार, एरवी ती डोक्यावरून किंवा कडेने निघून जाते. तेल लावून विंचरलेल्या केसांवर दिसणारा आडवा चकाकता पट्टा आणि घासणीच्या ओरखड्यांनी भरलेल्या स्टीलच्या ताटातली प्रकाशाची रेघ, दोन्हींच्या मागे हाच शंकू आहे.

पण मग नुसतं उजळ दिसायला हवं, फिकं का दिसतं? रेशमाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा, साधारण १.५५. प्रकाश सरळ पडला तर पृष्ठभागावरून परतणारा वाटा (०.५५ ÷ २.५५) चा वर्ग, म्हणजे शंभरात जेमतेम पाच. उरलेला प्रकाश तंतूत शिरतो, तिथे रंगाच्या रेणूंना भेटतो, आणि पिवळा होऊन सगळीकडे विखुरत बाहेर येतो. वरच्यावर परतलेल्या पाच टक्क्यांची रंगाशी गाठच पडलेली नसते. तो प्रकाश पांढराच राहतो, आणि विखुरण्याऐवजी त्या शंकूत एकवटतो. तुम्ही शंकूत असाल तर पिवळ्यात पांढरा मिसळून फिका पिवळा दिसतो. शंकूबाहेर असाल तर शुद्ध, गडद पिवळा. बाईंना उडालेला वाटला तो रंग असा होता.

सुती दोऱ्याने हे इतकं साधत नाही. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटीमीटरचा, सुकल्यावर चपटा होऊन पिळवटलेला. असे आखूड तंतू एकत्र ठेवायला पीळ द्यावाच लागतो, आणि पीळ आला की दिशांची सरमिसळ झाली. रेशमाची अळी मात्र डोकं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं हलवत, दोन-तीन दिवसांत साधारण हजार मीटरचा अखंड तंतू काढते. त्यात फायब्रोइन या प्रथिनाचे दोन धागे असतात आणि त्यांना चिकटवणारं सेरिसिन नावाचं डिंकासारखं आवरण. वजनाच्या पाव भागाइतकं हे सेरिसिन साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळून काढलं की कच्चं, निस्तेज रेशीम चमकायला लागतं. आतला धागा खरं तर दंडगोलही नसतो, तो कोपरे गोलावलेला त्रिकोण असतो. त्याच्या सपाट बाजूंमुळे शंकूत काही ठिकाणी प्रकाश जास्त दाटतो, आणि कापड हललं की तो लखलखतो.

आपल्या पैठणीतली धूपछाव यापेक्षा थोडी वेगळी. तिथे ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे आणि बाणा म्हणजे आडवे धागे दुसऱ्या रंगाचे असतात, त्यामुळे छटेबरोबर रंगच पालटतो. फुलकारीला एकच रंग पुरतो, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप आहे.

अशा ओढण्या-उपरण्यांबद्दल दोन गोष्टी सर्रास ऐकू येतात. पहिली, दोन छटा दिसल्या म्हणजे रेशीम अस्सल. हे खोटं आहे. रेयॉनचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, तंतूही लांब आणि गुळगुळीत असतो, शंकू त्यालाही तितकाच लागू. शंका असेल तर सुटलेला दोरा जाळून पाहा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, रेयॉनला जळक्या कागदाचा. दुसरी, रेशमी वस्त्र 'सात्त्विक लहरी' खेचून घेतं. या लहरी आजवर कुठल्याही उपकरणाने मोजलेल्या नाहीत. काचेच्या दांडीवर रेशीम घासलं तर दोघांवर विद्युतभार येतो, हे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येतं, आणि तेवढाच भार पूजेला न बसणाऱ्याच्या रेशमावरही येतो.

ती ओढणी परत ठेवण्याआधी मी उलटी करून पाहिली. मागे रेशीम जवळजवळ नव्हतंच, फक्त ठिपके. फुलकारी कापडाच्या उलट बाजूने भरतात आणि लांब टाके सुलट बाजूला पडतात. म्हणजे भरणारीला काम चालू असताना समोर दिसतात ते हे ठिपके. कुठला चौकोन उभा, कुठला आडवा, हे ती धागे मोजून ठरवते. दोन पिवळे तिला दिसतात ते कापड पालटल्यावर.