व्हिडिओ मॉड्यूल पोर्ट करणं वेगळं, थरावर चालवणं वेगळं

विंडोजसाठी लिहिलेलं एखादं व्हिडिओ प्लेबॅक मॉड्यूल ‘आता लिनक्सवरही चालतं’ असं कुणी सांगितलं, तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एकात सोर्स कोड हाती घेऊन विंडोजवर विसंबलेला प्रत्येक भाग लिनक्सच्या सोयींवर नव्याने बसवलेला असतो. हे पोर्टिंग. दुसऱ्यात मॉड्यूलच्या तयार बायनरीला, म्हणजे सोर्सपासून बनलेल्या चालवायच्या फाइलला, हातही लावलेला नसतो. ती विंडोजकडे जे जे मागते ते पुरवणारा एक थर तिच्याखाली सरकवलेला असतो. हा कंपॅटिबिलिटी लेयर. दोन्हीकडे पडद्यावर चित्र सारखंच दिसतं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण पुढची कित्येक वर्षं ते मॉड्यूल कोण सांभाळू शकेल, हे या फरकावर ठरतं, आणि म्हणून मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

थराचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वाइन. हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. वाइन प्रोसेसरची नक्कल करत नाही. विंडोजचं मशीन कोड थेट प्रोसेसरवरच चालतं. फक्त मेमरी मागणं, फाइल उघडणं, खिडकी काढणं अशा विंडोजच्या फंक्शनांना वाइन स्वतःची उत्तरं देतं. व्हिडिओच्या जगात या कल्पनेचा एक सुरेख उपयोग झाला. २००० साली सुरू झालेला एमप्लेअर हा लिनक्सवरचा प्लेअर विंडोजच्या कोडेक डीएलएल (व्हिडिओ उलगडणाऱ्या कोडच्या तयार विंडोज फाइली) थेट स्वतःच्या प्रोसेसमध्ये लोड करत असे. तो लोडर वाइनच्या कोडवरून घडवलेला होता. कोडेकला लागतील तेवढीच फंक्शनं त्यात लिहिलेली होती: थोडं मेमरीचं, थोडं लॉकचं, थोडं रजिस्ट्रीचं (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याचं). ३२ बिट विंडोजमधला कोड थ्रेडची (प्रोग्रॅममधल्या एका कामाच्या धाग्याची) माहिती एफएस सेगमेंट या मेमरीच्या खास भागातून वाचतो, म्हणून तो सेगमेंटसुद्धा हाताने उभा करावा लागे. ज्या कोडेकचा सोर्स कुणाकडेच नव्हता, त्यातले व्हिडिओ त्यामुळे लिनक्सवर दिसू लागले. त्या काळात ही मोठीच सोय होती.

तिची मर्यादा पहिल्या दिवसापासून तिच्यातच होती. डीएलएलमधलं मशीन कोड ३२ बिट एक्स८६चं, म्हणजे इंटेल घराण्याच्या प्रोसेसरचं. पॉवरपीसी प्रोसेसर असलेल्या संगणकावर ते चालणं शक्यच नव्हतं. पुढे ६४ बिट लिनक्स आलं तेव्हा ६४ बिट प्रोसेसला ३२ बिट डीएलएल लोड करता येईना, आणि केवळ त्या कोडेकसाठी प्लेअरची ३२ बिट आवृत्ती बाळगावी लागे. डिकोडरमध्ये दोष सापडला तर दुरुस्तीची वाट मूळ कंपनीकडेच जायची. यातून खरी सुटका झाली ती एफएफएमपेगसारख्या खुल्या सोर्सच्या प्रकल्पांत त्या फॉरमॅटचे डिकोडर सी भाषेत नव्याने लिहिले गेले तेव्हा. मग तोच कोड कुठल्याही प्रोसेसरसाठी कंपाइल करता येऊ लागला.

आता पोर्टिंग. त्यात नेमकं काय करावं लागतं? प्लेबॅक मॉड्यूलची कामं साधारण चार: फाइल किंवा प्रवाह वाचणं, डिकोड करणं, वेळ पाळणं, आणि चित्र-आवाज बाहेर काढणं. अनेकांना डिकोडिंग सगळ्यात अवघड वाटतं. पोर्टिंगपुरतं बोलायचं तर ते बहुधा सगळ्यात सोपं असतं, कारण ते निव्वळ गणित आहे. बिट आत जातात, पिक्सेल बाहेर येतात, मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंध जवळजवळ नसतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: हाताने लिहिलेलं असेम्ब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेला कोड. एक्स८६-६४ प्रोसेसर तोच असला, तरी फंक्शनला माहिती कशी द्यायची याचे नियम सिस्टिमगणिक बदलतात. लिनक्सवर पहिले सहा पूर्णांक रजिस्टरमधून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांतून) जातात, विंडोजवर फक्त चार. शिवाय विंडोजवर एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ ही रजिस्टरं वापरली तर परतताना जशीच्या तशी ठेवावी लागतात. लिनक्सवर तशी सक्ती नाही. लिनक्सवर वर्षानुवर्षं नीट चाललेलं असेम्ब्ली हा नियम न पाळता विंडोजवर नेलं, तर डिकोडर स्वतः बरोबर चित्र देतो, पण त्याला हाक मारणाऱ्या कोडमधला एखादा दशांश गुपचूप बदललेला असतो. असा दोष शोधणं फार जिकिरीचं. म्हणूनच एक्स२६४, एफएफएमपेग आणि डेव्हिड (dav1d) या व्हिडिओ प्रकल्पांत असेम्ब्लीसाठी सामायिक मॅक्रोंचा संच आहे, जो दोन्ही नियम सांभाळतो.

वाचण्याचा भाग वरवर क्षुल्लक दिसतो. पण लिनक्सवरून विंडोजकडे जाताना फाइल बायनरी मोडमध्ये उघडायला विसरलं, तर ०x१ए हा बाइट फाइलचा शेवट समजला जाऊ शकतो, आणि व्हिडिओच्या माहितीत तो बाइट कुठेही असतो. ६४ बिट लिनक्सवर सी भाषेतला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार ८ बाइटांचा, तर ६४ बिट विंडोजवरही तो ४ बाइटांचाच. फाइलमधली जागा लाँगमध्ये ठेवली असेल, तर २ जीबीच्या पुढे उडी मारताना सगळं कोलमडतं. दिशा उलटी केली की अडचणीही बदलतात: लिनक्सवर फाइलनावातल्या लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो आणि वाइड कॅरेक्टर (अक्षर साठवण्याचा सी भाषेतला एक प्रकार) २ ऐवजी ४ बाइटांचं होतं.

पण पोर्टचा खरा कस लागतो तो वेळ पाळण्यात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. विंडोजच्या टायमरची टिक मुळात सुमारे १५.६ मिलिसेकंदांची असते. लिनक्सवर ‘२ मिलिसेकंद थांब’ असं लिहिलेलं असेल आणि विंडोजवर तिथे स्लीप हे थांबवणारं फंक्शन बसवलं, तर थांबणं पुढच्या टिकेपर्यंत लांबू शकतं, म्हणजे जवळजवळ अख्खी फ्रेम हातची जाते. कोड कंपाइल होतो, चित्र दिसतं, पण हालचाल अडखळते. त्यासाठी टायमरची टिक बारीक करून मागावी लागते आणि एकाच दिशेने पुढे जाणारं घड्याळ वापरावं लागतं: लिनक्सवर मोनोटॉनिक क्लॉक, विंडोजवर परफॉर्मन्स काउंटर. त्यात बहुतेक प्लेअर चित्र आवाजाच्या घड्याळावर चालवतात. म्हणजे अल्सा, वासापी किंवा कोअर ऑडिओ (लिनक्स, विंडोज आणि मॅकच्या आवाजाच्या यंत्रणा) बफरमध्ये किती आवाज शिल्लक आहे हे किती अचूक सांगतं, यावर ओठ आणि शब्द जुळणं अवलंबून. हे एका सिस्टिमवर शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं लागू पडत नाही. नुसत्या रिकंपाइलला पोर्ट म्हणू नये, असं मी आग्रहाने म्हणतो ते याचसाठी.

बाहेर काढण्याचा भाग तर पूर्णच नवा लिहावा लागतो. हार्डवेअर डिकोडिंगसाठी, म्हणजे ते काम ग्राफिक्स चिपकडून करून घेण्यासाठी, विंडोजवर डीथ्रीडी११व्हीए, लिनक्सवर व्हीए-एपीआय किंवा व्हीडीपाऊ, मॅकवर व्हिडिओटूलबॉक्स, अँड्रॉइडवर मीडियाकोडेक. डिकोड झालेली फ्रेम ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतच राहावी आणि तिथूनच पडद्यावर जावी, हे साधलं नाही तर प्रत्येक फ्रेम मुख्य मेमरीत आणून परत पाठवावी लागते. ४केमध्ये ते लगेच जाणवतं. व्हीएलसी या प्लेअरने आउटपुटचे भाग वेगळ्या प्लगइनमध्ये ठेवले. नव्या सिस्टिमवर जाताना गाभा जवळपास तसाच राहतो आणि कडांवर नवे प्लगइन लिहिले जातात. ही रचना मला आजही अनुकरणीय वाटते.

मग थराची गरज कधी? सोर्स मिळणारच नसेल तेव्हा, आणि तेव्हा तो अनमोल असतो. जुने गेम हे त्याचं ठळक उदाहरण. मात्र व्हिडिओपुरती तिथेही एक गाठ आहे. गेम विंडोजच्या मीडिया फाउंडेशनकडे, म्हणजे तिच्या अंगभूत व्हिडिओ-आवाज यंत्रणेकडे, व्हिडिओ चालवायला सांगतो. थराने ते फंक्शन पुरवलं तरी डिकोड करणारा कोडेक कुठून तरी यायलाच हवा. वाइनने हे काम बरीच वर्षं जीस्ट्रीमर या लिनक्सवरच्या मीडिया लायब्ररीकडे सोपवलं. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं, वाइनवर आधारलेलं प्रोटॉन २०१८ साली आलं, आणि त्यावर काही गेममध्ये मधल्या व्हिडिओच्या जागी रंगीत पट्ट्यांचं टेस्ट चित्र दिसे. गेमचा बाकी कोड व्यवस्थित चालत होता. अडचण होती पेटंट असलेले कोडेक सोबत वाटण्याच्या परवानगीची. थर फंक्शन देऊ शकतो, परवाना देऊ शकत नाही. पोर्ट करणाऱ्यालाही हा प्रश्न चुकत नाही, पण निदान फॉरमॅट बदलण्याचा मार्ग त्याच्या हातात असतो.

आपल्यासमोरचं मॉड्यूल यातलं कोणतं, हे ओळखायला लिनक्सवर ‘फाइल’ ही कमांड त्या बायनरीवर चालवावी. उत्तर ‘ईएलएफ’ आलं तर ते लिनक्ससाठी बांधलेलं आहे, ‘पीई३२’ आलं तर विंडोजचीच बायनरी थरावर चालते आहे. ईएलएफ आल्यावरही एक गोष्ट तपासावी: तोच सोर्स एआरएम या वेगळ्या घराण्याच्या प्रोसेसरसाठी बांधून, चालवून पाहावा. आत कुठे जुनी डीएलएल दडलेली असेल, तर ती इथे बहुधा सापडते.