टँकमधला क्लॅम आजारी दिसतोय? आधी बघा, बिघडलंय कोण, प्राणी की त्याच्यातलं शेवाळ

रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री जीवांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणारे लोक एक प्रश्न नेहमी विचारतात, क्लॅम (दोन झडपांच्या शिंपल्यातला समुद्री प्राणी) नीट उघडत नाहीये, कुठलं औषध टाकू? बहुतेक वेळा उत्तर असतं की कुठलंच नको. उलट माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जे तांब्याचं औषध वापरतात ते चुकून जरी रीफ टँकमध्ये पडलं तरी शिंपल्यांसाठी ते विषच असतं. त्यामुळे बाटलीकडे हात जायच्या आधी क्लॅमकडे नीट बघायला शिका, कारण हा प्राणी बोलत नसला तरी अंगावर सगळं दाखवतो.

आपण बोलतोय ट्रायडॅक्ना जातीच्या क्लॅमबद्दल, म्हणजे जायंट क्लॅमचं कुटुंब. यातला ट्रायडॅक्ना गिगास मीटरभरापेक्षा मोठा होतो आणि 200 किलोच्या वर जातो, घरच्या टँकमध्ये मात्र जास्त करून मॅक्झिमा, क्रोशिया, डेरासा आणि स्क्वामोसा दिसतात. शिंपल्याच्या बाहेर जो रंगीत मांसल पडदा पसरलेला असतो ते मँटल, आणि त्यात एकपेशीय शेवाळ राहतं. प्रवाळात हे शेवाळ पेशींच्या आत असतं, क्लॅममध्ये मात्र पोटापासून निघून मँटलभर फाटे फुटलेल्या बारीक नळ्यांमध्ये ते वाढतं. शेवाळ उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा क्लॅमला मिळतो. मँटलवरची ती निळी-हिरवी चमकसुद्धा शोभेपुरती नाही. पलाऊ या पॅसिफिक महासागरातल्या द्वीपदेशात अभ्यास केलेल्या संशोधक ॲलिसन स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की चमकणाऱ्या पेशी प्रकाश विखरून आतल्या थरांतल्या शेवाळापर्यंत पोचवतात.

म्हणजे तुमच्या टँकमध्ये एका शिंपल्यात दोन जीव आहेत, आणि निदान करायचं म्हणजे आधी हे ठरवायचं की त्रास कुणाला आहे. माझ्या मते या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. रंग गेला तर शेवाळाकडे बघा. आणि रंग चांगला असून हालचाल, उघडणं, मिटणं बिघडलं असेल तर प्राण्याकडे.

आधी रंग. मँटल मधूनच किंवा सगळंच पांढरं, पारदर्शक दिसायला लागलं तर शेवाळ बाहेर टाकलं जातंय, म्हणजे ब्लीचिंग. पहिला संशय तापमानावर घ्या. 25 ते 27 अंश ठीक, पण पुण्या-मुंबईत एप्रिल-मेमध्ये खोलीच 32-33 वर असते, वरून लाईटची उष्णता आणि पंपाची उष्णता, मग पाणी कुठे जाणार. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तरी दोनेक अंश उतरतात, फक्त पंख्याने पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं, त्यामुळे रोज आरओचं गोडं पाणी भरून सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) 35 पीपीटीच्या, म्हणजे हजारात 35 भागांच्या आसपास ठेवायला लागते, नाहीतर एक त्रास घालवताना दुसरा ओढवून घ्याल.

दुसरा संशय लाईटवर. क्रोशिया आणि मॅक्झिमाला कडक प्रकाश लागतो, डेरासा आणि स्क्वामोसाचं त्यामानाने कमीत भागतं. प्रकाश कमी पडला की क्लॅम मँटल खूप ताणून बाहेर काढतो, नवख्या माणसाला वाटतं काय मस्त उघडलाय, पण खरं तर तो उपाशी असतो. नवीन आणलेला क्लॅम एकदम तेज एलईडीखाली ठेवला तर उलटं होतं, तो आखडतो आणि पांढरा पडतो. खाली ठेवा, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आणा किंवा लाईटची तीव्रता वाढवत न्या.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. पाणी जास्तच स्वच्छ असणं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य असा टँक फोटोत छान दिसतो, पण शेवाळाला नायट्रोजन लागतो आणि क्लॅम तो पाण्यातूनच ओढून घेतो. नायट्रेट थोडं मोजता येईल इतकं असू द्या, रंग परत गडद होत जातो. खाण्याचं म्हणाल तर क्लॅम गिलने (कल्ल्यांनी) पाणी गाळून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही खातो. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या गिगासवर 1992 मध्ये झालेल्या कामात असं दिसलं की अगदी लहान क्लॅमला कार्बनच्या गरजेपैकी जवळपास 65 टक्के गाळलेल्या अन्नातून मिळत होतं, मोठ्यांना साधारण 34 टक्के. म्हणून पाच सेंटीमीटरपेक्षा छोटा क्लॅम आणला असेल तर जिवंत फायटोप्लँक्टन (तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) द्या, नुसत्या लाईटच्या भरवशावर ठेवू नका.

आता प्राण्याचा भाग. सोपी टेस्ट म्हणजे मँटलच्या वरून हाताची सावली फिरवा. मँटलच्या कडेने शेकडो बारीक डोळे असतात, निरोगी क्लॅम चटकन आत ओढून घेतो. प्रतिक्रिया मंद असेल, किंवा पाणी आत घ्यायचं भोक इतकं वासलेलं असेल की आतले गिल दिसतायत, तर प्रकरण गंभीर आहे. लगेच अमोनिया, सॅलिनिटी, अल्कॅलिनिटी मोजा. कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, अल्कॅलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरायची क्षमता) 8 ते 10 डीकेएच, हे तिचं एकक, आणि दोन्ही स्थिर. शिंपला कॅल्शियमचाच बनतो त्यामुळे वाढणारा क्लॅम ते भरपूर खेचतो.

पाणी बरोबर निघालं तर रात्री टॉर्च घेऊन बसा. पिरॅमिडेलिड नावाच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिवसा तळाशी लपतात, रात्री मँटलच्या कडेला येऊन सोंड खुपसून रक्तरस पितात. दिसल्या तर क्लॅम बाहेर काढून शिंपल्याच्या सगळ्या खाचा टूथब्रशने घासा, जेलीसारखी अंडी चिकटलेली असतात तीही काढा, आणि काही दिवसांनी परत तेच करा कारण एकदा घासून सगळी जात नाहीत. सिक्स लाइन रॅस मासा मदत करतो पण त्याच्यावर सगळं सोडू नका. दिवसा कोण टोचतंय तेही बघा, ड्वार्फ एंजल आणि बटरफ्लाय मासे मँटलचे लचके तोडतात. अशा वेळी मासा हलवा, क्लॅमला आपोआप बरं वाटतं.

मँटलची कड चिमटल्यासारखी आत वळली आणि शिंपला उघडा असून मँटल पसरत नसेल तर त्याला हौशी लोक पिंच्ड मँटल म्हणतात. कारण एखादा एकपेशीय परजीवी असावा असा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. यावर चालत आलेला उपाय म्हणजे गोड्या पाण्याची डुबकी. आरओचं पाणी घ्या, तापमान आणि पीएच टँकसारखाच करा, क्लॅम साधारण 20 ते 30 मिनिटं त्यात ठेवा, समोरून हलू नका. टँकमध्ये एकापेक्षा जास्त क्लॅम असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी द्या. पण जो आधीच वासलेला, अर्धमेला आहे त्याला ही डुबकी सोसणार नाही, त्याला हात लावू नका.

आणि हलवताना ओढू नका, हे मी कळकळीने सांगतोय. क्लॅम तळातून धागे सोडून दगडाला धरतो, ओढलं की धाग्यांची ग्रंथीच फाटते आणि बाकी सगळं ठीक असूनही तो मरतो. धारदार ब्लेडने धागे दगडालगत कापा. पाण्याबाहेर काढला असेल तर परत बुडवताना उलटासुलटा करून आतली हवा निघू द्या.

विकत घेतानाही हेच सगळं बघा, सावलीची टेस्ट, मँटलचा रंग, तळाचे धागे. आपल्याकडे मॅक्झिमा आणि स्क्वामोसा वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, त्यामुळे लक्षद्वीप-अंदमानच्या रीफवरून उचललेला क्लॅम घेऊच नका. पलाऊसारख्या ठिकाणी हॅचरीत वाढवलेले क्लॅम मिळतात, कायदेशीर कागद मागा, कागद नसेल तर दुकानातून बाहेर पडा.

एवढं करूनही गेलाच तर पहिल्या तासात बाहेर काढा. मँटल शिंपल्यापासून सुटून लोंबत असेल आणि हात लावल्यावर मिटत नसेल तर तो गेलेला आहे, आशेने रात्रभर ठेवला तर सकाळपर्यंत अमोनिया चढून प्रवाळ आणि मासेही धोक्यात येतात. काढल्यावर मोठा वॉटर चेंज करा, फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) टाका आणि पुढचे दोन-तीन दिवस अमोनिया रोज मोजा.