अपडेट आलंय, पण दुरुस्तीचं की नवलाईचं?

स्पोर्ट्स वॉचला फर्मवेअर (घड्याळ चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट किती वेळा यावं, हा विषय धावणाऱ्यांच्या किंवा सायकलवाल्यांच्या गप्पांत निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "चार महिने झाले, कंपनी झोपलीय." दुसरा म्हणतो, "दर पंधरा दिवसांनी काहीतरी पाठवतात, हे घड्याळ आहे की प्रयोगशाळा?" गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

पडद्यावर ओळ एकच दिसते: नवीन अपडेट उपलब्ध. आत काय आहे ते वाचलं की घोळ कळतो. एका अपडेटमध्ये लिहिलेलं असतं की स्विमिंग पूलमध्ये वळताना एक लांबी दोनदा मोजली जायची, ते सुधारलं. दुसऱ्यात असतं की झोपेचा नवा स्कोअर आला, नकाशा नव्या रूपात आला, ट्रेनिंग लोडचा, म्हणजे व्यायामाने शरीरावर पडणाऱ्या ताणाचा, नवा आलेख आला. पहिली दुरुस्ती, दुसरी नवलाई. नाव दोघांचं एकच, उतरण्याची रीत एकच, घड्याळ रीस्टार्ट होतं तेही सारखंच. पण 'किती वेळा' याचं उत्तर दोघांसाठी पार वेगळं आहे.

दुरुस्ती हे देणं आहे. पोहण्याच्या लांब्या मोजणारं घड्याळ म्हणून ते विकलं आणि लांब्या चुकीच्या मोजतंय, तर ते नीट करून देणं हा मूळ व्यवहाराचाच भाग झाला. त्यामुळे तिला कॅलेंडर लावायचं कारण नाही. तयार झाली, तपासली, पाठवली.

2018 च्या ऑक्टोबरअखेरीस अॅपलने आपल्या घड्याळांच्या सॉफ्टवेअरची, वॉचओएसची, 5.1 ही आवृत्ती आणली आणि काही सिरीज 4 घड्याळं ते घेताना लोगोवरच अडकून पडली. अॅपलने अपडेट मागे घेतलं आणि आठवड्याभरात 5.1.1 आलं. पुढे 2023 मध्येही तसंच झालं. वॉचओएस 10.1 नंतर काहींची बॅटरी भराभर उतरू लागली आणि साधारण दोन आठवड्यांत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, 10.1.1 आलं. अशा वेळी 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणणाऱ्या कंपनीचं कुणी ऐकून घेईल का? आणि आठवड्याच्या अंतराने दोन अपडेट आली म्हणून कुणी कुरकुर केली, तर तीही मला पटत नाही.

अर्थात सगळ्या दुरुस्त्या सारख्या घाईच्या नसतात. माझ्या हिशेबात सगळ्यात वर येतो तो बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, ज्यामुळे नोंदच गायब होते: तीन तास धावलात, सेव्ह दाबलं आणि फाइल नाही. ते तीन तास परत धावता येत नाहीत. त्याखालोखाल बॅटरी आणि अचानक बंद पडणं. मग चुकीचे आकडे. मेनूतलं चुकीचं स्पेलिंग पुढच्या अपडेटपर्यंत खुशाल थांबू दे. पासवर्ड, ब्लूटूथ, पेमेंट यांना भोक पाडणारी सुरक्षेची त्रुटी मात्र दिसत नसली तरी सगळ्यात पुढच्या रांगेत हवी.

आता नवलाई. नव्याची नवलाई नऊ दिवस, असं आपण म्हणतो. फीचर मात्र नऊ दिवसांत जात नाही, ते मनगटावर राहतं आणि जुन्या आकड्यांचा अर्थ बदलून टाकतं. या मुद्द्याकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

घड्याळ दाखवतं त्यातले बरेच आकडे थेट मोजलेले नसतात. व्हीओ2 मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते, हा घड्याळाचा अंदाज असतो, धावण्याचा वेग आणि हृदयाचे ठोके यांच्या नात्यावरून काढलेला. एकूण चढाई हाही बऱ्याच अंशी गाळणीचा खेळ आहे. हवेच्या दाबाचा सेन्सर सतत थोडाथोडा थरथरत असतो. त्यातली किती थरथर खरी चढण म्हणून धरायची, हे आतलं सॉफ्टवेअर ठरवतं. ती गाळणी बदलली की काल 600 मीटर भरणारी वाट आज 540 भरू शकते. डोंगर तोच, पाय तेच. ट्रेनिंग लोड तर मागच्या कित्येक आठवड्यांच्या बेरजेवर उभा असतो. मधेच ठोके वाचायची पद्धत बदलली, तर महिनाभर त्या बेरजेत दोन वेगळ्या मापांचे आकडे एकत्र पडलेले राहतात. किलो आणि शेर एकाच तागडीत घातल्यासारखं.

म्हणून नवलाई क्वचित यावी, ठरलेल्या वेळी यावी आणि कोणता हिशेब बदलला ते सांगून यावी. स्पोर्ट्स वॉच बनवणारी गार्मिन साधारण तिमाहीच्या चालीने नवी फीचर्स देते. अॅपलची मोठी उडी वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या सुमारास: 2022 च्या वॉचओएस 9 मध्ये धावण्याची पॉवर (धावताना किती जोर लागतोय त्याचा अंदाज) आणि हार्ट रेट झोन (ठोक्यांवरून ठरणारे मेहनतीचे टप्पे) आले, 2024 च्या वॉचओएस 11 मध्ये ट्रेनिंग लोड आला. मला विचाराल तर तीन-चार महिन्यांतून एकदा हे पुरे आहे, वर्षातून दोनदा आलं तरी माझं काही अडणार नाही. वर्षभर वाट पाहायला लावणं जरा जास्त होतं, पण त्यात एक सुख आहे. अख्खा सीझन एकाच मापाने मोजला जातो.

शिवाय तपासणीला वेळ लागतो, तो कोणी कितीही पैसे ओतले तरी आकसत नाही. जीपीएस लावून चाळीस तास बॅटरी चालते असा दावा असेल, तर एका चाचणीला चाळीस तास जातात. साध्या वापरातले दोन-तीन आठवडे मोजायचे तर दोन-तीन आठवडेच लागतात. रेकॉर्ड केलेले सॅटेलाइट सिग्नल प्रयोगशाळेत पुन्हा वाजवता येतात, पण उंच इमारतींच्या मधून धावताना परावर्तित होऊन येणारे सिग्नल, थंडीत आकसलेली त्वचा किंवा गोंदलेलं मनगट यांना चकणारा ठोक्यांचा सेन्सर, पोहताना दर हाताला पाण्याखाली जाणारा अँटेना हे सगळं बाहेर जाऊनच बघावं लागतं. त्यात एकाच कंपनीची डझनभर मॉडेल्स, प्रत्येकाची मेमरी वेगळी, पडदा वेगळा. दर पंधरा दिवसांनी नवं फीचर देणारी कंपनी ही तपासणी कधी करते? बहुधा तुमच्या मनगटावर.

खरं दुखणं सुरू होतं ते दोघांची एकाच पुडीत मोट बांधल्यावर. मला फक्त पूलची दुरुस्ती हवी आहे, पण ती घ्यायची तर नवा झोपेचा स्कोअर, हललेले मेनू आणि बदललेली गाळणीही घ्यावी लागते. नको वाटलं तर बहुतेक घड्याळांत सामान्य वापरकर्त्याला जुन्या फर्मवेअरवर परत जाण्याचा अधिकृत रस्ता नसतो.

कंपन्या हे निव्वळ आळसाने करतात असंही नाही. फक्त दुरुस्त्यांची, सॉफ्टवेअरची वेगळी फांदी जिवंत ठेवायची म्हणजे प्रत्येक बदल दोन ठिकाणी घालायचा आणि दोनदा तपासायचा. दहा मॉडेल्स असतील तर वीस वेळा. तरी निदान सुरक्षेपुरता हा वेगळेपणा आता कायद्यात आलाय. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स अॅक्ट 10 डिसेंबर 2024 ला अमलात आला आणि त्याची मुख्य बंधनं 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतील. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षा अपडेट हे फीचरच्या अपडेटपासून वेगळं द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. हेच तत्त्व साध्या बगनाही लागू व्हावं असं मला वाटतं, पण ते कायद्याने होण्यासारखं नाही.

ओळखायचं कसं? पुष्कळ कंपन्यांत आवृत्तीच्या आकड्यात बिंदूच्या आधीचा भाग बदलला तर नवलाई, नंतरचा बदलला तर दुरुस्ती, असा ढोबळ संकेत असतो. सगळे पाळतातच असं नाही. खात्रीचा उपाय म्हणजे बदलांची यादी वाचणं. 'विविध सुधारणा आणि दुरुस्त्या' एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माझ्या मापात काय बदललं ते मला कळायला नको? आणि मित्राच्या घड्याळात अपडेट आलं, तुमच्यात नाही, तर घाबरू नका. आधी थोड्या घड्याळांना पाठवून, काही बिघडत नाही ना हे पाहून मग बाकीच्यांना द्यायची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे.

या दोघांत तिसरंही एक भूत मिसळतं. घड्याळ फोनशी सिंक होताना सॅटेलाइट पुढचे काही दिवस कुठे असतील याची छोटी फाइल उतरवतं. ती नसेल तर प्रत्येक सॅटेलाइटची कक्षा थेट त्याच्याच सिग्नलमधून वाचावी लागते. ती माहिती तीस सेकंदांच्या फेऱ्यात येते, आणि सगळ्या सॅटेलाइटचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. फाइल असली की काही सेकंदांत काम होतं. ही फाइल म्हणजे ना दुरुस्ती ना नवलाई, हा नुसता शिधा आहे, आणि तो ताजा हवा.

जानेवारी 2025 मध्ये जगभरची अनेक गार्मिन घड्याळं जीपीएसची नोंद सुरू करताच निळ्या त्रिकोणावर अडकून बसली. लोकांनी अपडेटच्या नावाने बोटं मोडली. दोष नव्या फर्मवेअरचा नव्हता, सॅटेलाइटच्या डेटाचा होता. पण खराब शिधा पोटात गेला म्हणून अख्खं घड्याळ आडवं पडावं, ही फर्मवेअरची उणीवच. अशा वेळी वाईट फाइल दिसली तर ती फेकून पुढे जायचं, एवढं त्याला शिकवणं ही पुन्हा दुरुस्तीच झाली.

जुन्या मॉडेलबद्दलही हीच फूटपट्टी लावतो. तीन वर्षांच्या घड्याळाला नवी फीचर्स मिळाली नाहीत तर माझी तक्रार नाही, त्याच्या चिपची ताकद तेवढीच असते. दुरुस्त्या थांबल्या तर मात्र आहे. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून जोडणी असलेल्या ग्राहकोपयोगी उपकरणांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे बनवणाऱ्या कंपनीने सांगावंच लागतं. घड्याळ घेताना दोन-चार वैशिष्ट्यं तपासण्यापेक्षा ती तारीख मी आधी शोधतो.

माझ्यापुरता रिवाज असा: दुरुस्ती आली की दोन दिवसांत घेतो, तोवर दुसऱ्यांचं काही बिघडलं का ते कळतं. नवलाई सीझन संपल्यावर. शर्यतीच्या आठवड्यात दोन्ही नाही. सॅटेलाइटची फाइल मात्र शर्यतीच्या सकाळी बूट बांधायच्या आधी फोनशी सिंक करून घेतो.