कासातला ‘ॲडव्होकेट’ वकील नसतो

अमेरिकेत राहणाऱ्या भाचीने फोनवर सांगितलं, ‘मी कोर्टात मुलांसाठी ॲडव्होकेट म्हणून काम करते’, तर पुण्याच्या मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘अगं, लॉ कधी केलंस?’ मावशीचं चुकत नाही. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याप्रमाणे ॲडव्होकेट म्हणजे सनद घेतलेला वकील. तिकडे ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट’, म्हणजेच कासा, हा घरात छळ किंवा दुर्लक्ष झालेल्या मुलासाठी न्यायाधीशाने नेमलेला साधा नागरिक असतो. शिक्षिका, निवृत्त इंजिनिअर, कुणीही. पगार नाही, मानधन नाही. त्यात अनेकदा त्याच मुलाला खराखुरा वकीलही असतो आणि सुनावणीला दोघंही हजर असतात. मग घोळ होणारच.

कासाची सुरुवात १९७७ मध्ये सिॲटलला झाली. डेव्हिड सूकप या न्यायाधीशांना मुलांच्या आयुष्याचे निर्णय अपुऱ्या माहितीवर द्यावे लागत होते, म्हणून त्यांनी गावातल्या लोकांनाच मदतीला बोलावलं. आता साधारण ३० तासांचं प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी झाली की स्वयंसेवकाकडे एखादं मूल किंवा एकाच घरातली भावंडं सोपवतात. वकिलाकडे एका वेळी याहून कितीतरी जास्त मुलं असतात.

पण पगार आणि पदवी हा वरवरचा फरक झाला. खरा फरक असा: समजा, नऊ वर्षांची एक मुलगी फॉस्टर घरात, म्हणजे तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात आहे आणि ती म्हणते, ‘मला आईकडेच जायचंय.’ तिच्या म्हणण्यानुसार चालणारा वकील कोर्टात तेच मांडणार. त्याला स्वतःला ते पटत नसेल तर तो तिला एकटीला समजावेल, पण न्यायाधीशासमोर शब्द तिचाच. कासा मात्र शाळेत जाऊन बाईंशी बोलेल, आजीला भेटेल, फॉस्टर घरी बसून मुलीचं ऐकेल आणि अहवालात लिहील: ‘मुलीला आईकडे जायचं आहे. आई मागच्या चारपैकी तीन भेटींना आली नाही. सध्या घरी पाठवू नये असं माझं मत आहे.’ मुलीची इच्छा लिहायची, पण शिफारस तिच्या हिताची करायची.

आता ती कानात म्हणाली, ‘कुणाला सांगू नकोस हं.’ वकिलाला अशील काय बोललं ते सहसा गुप्त ठेवावं लागतं. कासाला तशी मुभा नाही. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर ते कोर्टाला कळवावंच लागतं. म्हणून मुलाला हे आधीच सांगून ठेवणं बरं. मला हा या कामातला सगळ्यात अवघड भाग वाटतो.

भरीला ‘गार्डियन ॲड लायटम’ नावाचा शब्द आहे. १९७४ च्या संघीय कायद्यामुळे राज्यांना छळ किंवा दुर्लक्षाच्या अशा प्रत्येक खटल्यात मुलासाठी हा प्रतिनिधी नेमावा लागतो. तो वकील असेल किंवा कासा, किंवा दोन्ही, असं १९९६ मध्ये स्पष्ट झालं. नॉर्थ कॅरोलायनात स्वयंसेवकालाच या नावाने ओळखतात. दुसऱ्या राज्यांत हे नाव वकिलाला लागतं, आणि तो वकीलही मुलाच्या इच्छेपेक्षा हिताकडे पाहतो. त्यामुळे नावावर जाऊ नका. ‘तुम्ही मुलाचं म्हणणं मांडता की मुलाचं हित?’ असं सरळ विचारा.

नाव नोंदवायचं मनात असेल तर एवढं लक्षात असू द्या: कासा म्हणजे हौसेची मावशी नव्हे. मुलाला स्वतःच्या घरी राहायला नेता येत नाही, महागडी खेळणी देता येत नाहीत. उलटतपासणी वकिलाची, ते कासाचं काम नाही. प्रकरण वर्षभर सहज चालतं, तेवढ्यात मुलाची शाळा बदलते, समाजसेवक बदलतो. महिन्यातून एकदा तरी भेट व्हावी अशी अपेक्षा असते, आणि न्यायाधीश कासाकडे वळून विचारू शकतात, ‘मुलाला शेवटचं कधी भेटलात?’ तिथे ‘अधूनमधून जाते’ चालत नाही, तारीख सांगावी लागते.