हायपेशिया करत काय होती?

हायपेशिया या प्राचीन गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ बाईचं नाव निघालं की लगेच तिच्या खुनाची गोष्ट सुरू होते, पण ती आयुष्यभर करत काय होती हे फारसं कोणी विचारत नाही, आणि मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, रोमन राजवट, चौथं शतक संपत आलेलं. वडील थिऑन स्वतः गणिती, युक्लिडच्या भूमितीची त्यांनी नीट केलेली प्रत युरोपात पार १८०८ पर्यंत चालली, मग व्हॅटिकनमधली त्याहून जुन्या वळणाची प्रत उजेडात आली. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या ग्रंथावर लिहिताना तिसऱ्या भागाच्या मथळ्यातच थिऑन सांगतो की ही प्रत माझी मुलगी, तत्त्वज्ञ हायपेशिया हिने तयार केली. बापाने लेकीचं नाव कामासकट लिहून ठेवलंय! त्याच भागात साठ-साठच्या हिशोबातला (दहाऐवजी साठाच्या पटीत मोजायची पद्धत) मोठा भागाकार कोष्टक मांडून केलेला आहे, ती पद्धत तिचीच असावी असं काही अभ्यासक मानतात.

तिने डायोफँटस या ग्रीक गणितज्ञाच्या अंकगणितावर आणि अपोलोनियस या दुसऱ्या ग्रीक गणितज्ञाच्या शंकुच्छेदांवर (शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्ररेषा: लंबवर्तुळ, अन्वस्त, अपास्त हे सगळं) टीका लिहिल्या. टीका म्हणजे नावं ठेवणं नाही हां, गीतेवर जशा टीका आहेत तशा, अवघड ग्रंथ विद्यार्थ्यांना उलगडून सांगणाऱ्या. तिच्या नावाने त्यातलं एकही पान आज हातात नाही.

आणि ती त्या शहरातली पहिलीही नव्हे. तिच्या आधी तिथेच पँड्रोसियन नावाची गणित शिकवणारी बाई होती, घन दुप्पट करण्याच्या (म्हणजे दिलेल्या घनाच्या दुप्पट आकारमानाचा घन काढण्याच्या) प्रश्नावरून गणितज्ञ पॅपसने तिला उद्देशून लिहिलंय, पण १९व्या शतकातल्या संपादकाने तिला सरळ पुरुष करून टाकलं. वाचून खरंच राग येतो.

खुनाचं थोडक्यात सांगते. ४१२ मध्ये सिरिल तिथला बिशप, म्हणजे ख्रिस्ती चर्चचा प्रमुख, झाला, त्याचं आणि रोमन अधिकारी ओरेस्टिसचं पटेना, हायपेशियाच दोघांत समेट होऊ देत नाही अशी अफवा उठली आणि मार्च ४१५ मध्ये जमावाने तिला गाडीतून ओढून चर्चमध्ये नेऊन मारलं. अलेक्झांड्रियाचं मोठं ग्रंथालय तेव्हा जळालं वगैरे काही नाही, ते केव्हाच संपलेलं होतं. आणि ख्रिस्ती विरुद्ध गणित असंही सरळ नव्हतं, कारण तिचा लाडका विद्यार्थी सायनेशियस स्वतः बिशप झाला.

त्याची तिला लिहिलेली पत्रं टिकली आहेत. एकात तो एक उपकरण बनवून मागतो, बासरीएवढी नळी, अंगावर सरळ रेषेत खाचा, एका टोकाला शंकूचं वजन, पाण्यात सोडायची आणि खाचा मोजून पाण्याचा जडपणा बघायचा. शेवटच्या दिवसांत मुलं गेलेली, स्वतः अंथरुणाला खिळलेला, तेव्हाही तिलाच पत्र लिहवून घेतो आणि सुरुवात करतो: आई, बहीण, गुरू.